'निधर्मी' राज्याने राखलेले कॅथेड्रल

निधर्मी राज्याने धार्मिक वारशापासून हात झटकावेत, असे म्हणणाऱ्यांनी फ्रान्समधील रेंस शहराकडे पाहावे. तेथील कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या बहुतेक राजांचे राज्याभिषेक झाले. १७९३ साली क्रांतिकारकांनी अभिषेकाची पवित्र तैलकुपी भर चौकात फोडली. १९०५ च्या कायद्याने राज्य आणि चर्च विभक्त झाले; कॅथेड्रल मात्र राज्याच्याच मालकीचे राहिले. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्यात त्याचे छप्पर जळाले. तेव्हा त्याच प्रजासत्ताकाने जीर्णोद्धार आरंभला. वास्तुविशारद आंरी दनो यांनी लाकडी सांगाड्याच्या जागी काँक्रीटचा उभारला. (रॉकफेलर या अमेरिकन धनिकाची भरघोस देणगी होती, हेही नमूद केले पाहिजे.) १९३८ साली वास्तू पूर्णतः खुली झाली. आजही तिच्या देखभालीचा भार राज्य वाहते. आतील उपासनेत मात्र ढवळाढवळ करीत नाही.