कट्ट्यावरचे बोल आणि आपली बैठक

निपाणीच्या स्टँडसमोर सकाळी चहाच्या गाड्यापाशी अर्धा तास उभे राहावे. किंवा दिवेलागणीला वडगाव-शहापूरकडच्या एखाद्या कट्ट्यावर जाऊन बसावे. सीमाभागातला मराठी माणूस काय विचार करतो, हे कळायला दुसरीकडे कुठे जावे लागत नाही. तिथे अध्यक्ष नसतो, आभारप्रदर्शन नसते, आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून कुणी थांबत नाही. आम्ही गेले काही महिने तेच केले. बोललो कमी, ऐकले जास्त. जे ऐकले ते वाचकांपुढे ठेवतो. काही गोष्टी कडू आहेत, पण त्या आपल्याच माणसांनी आपल्याविषयी बोललेल्या आहेत.

पहिला विषय अर्थातच पैशाचा. तंबाखू पिकवणारा म्हणतो, माल आमचा आणि भाव दुसऱ्याचा. हे रडगाणे आजचे नाही. १९८१ साली याच निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि बारा शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते तसे कानडी बोलणारेही होते. तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या कामात राबणाऱ्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना बांधली. आज बऱ्याच शिवारांत तंबाखूची जागा उसाने घेतली, पण बिल कधी मिळणार हा प्रश्न तसाच आहे. इकडे खासबाग-वडगावचा विणकर सांगतो, सूत महाग आणि साडी स्वस्त, मग माग चालवायचा कशाला? कडोलीचा भाजीवाला म्हणतो, गोव्याची बाजारपेठ आहे म्हणून तरलो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याचा मुलगा पुण्याला गेला, तो परत येईलसे बापाला वाटत नाही.

दुसरा विषय सरकारी योजनांचा. यात बायकांचे मत ऐकण्यासारखे आहे. एक बहीण निपाणीत दिली, दुसरी कागलला. अशी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. निपाणीच्या बहिणीला २०२३ पासून गृहलक्ष्मीचे दोन हजार, कागलच्या बहिणीला २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार. इकडे २०२३ च्या जूनपासून बसप्रवास फुकट, तिकडे त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीला अर्धे तिकीट. सणावाराला दोघी भेटल्या की हाच हिशेब निघतो. त्यातल्या एकीने आम्हाला विचारले, 'तुम्ही म्हणता तिकडं जायचं. मग माझे दोन हजार कोण देणार?' आम्ही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात महिन्याचा गॅस आणि पोराची फी त्या पैशावर चालते, तिथे हा प्रश्न भाषेइतकाच खरा आहे.

महाराष्ट्रानेही काही केले नाही असे नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ८६५ गावांवरचा हक्क सांगणारा ठराव एकमताने केला. पुढच्या वर्षी त्याच ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले आरोग्य योजना लागू करण्याचे ठरले. पण कट्ट्यावर विचारतात, तिचा लाभ घ्यायला नेमके जायचे कुठे आणि कागद कुठले न्यायचे? हे समजावून सांगणारा माणूस गल्लीत असेल तर योजना खरी. नाहीतर ती वर्तमानपत्रातली बातमी.

तिसरा विषय बसचा. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी तणाव वाढला आणि दोन राज्यांमधली बससेवा थांबली. गाड्यांना काळे फासणाऱ्यांचे काय बिघडले? बिघडले ते कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्या म्हातारीचे, आणि रोज ये-जा करणाऱ्या पोरापोरींचे. निपाणीकरांचे देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, असे शिकून आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. नकाशावरची रेघ त्यांनी कधी मानली नाही. ती रेघ जाणवते फक्त बस बंद पडते तेव्हा.

चौथा विषय शाळेचा, आणि इथे आमची मान खाली जाते. १९८६ साली कानडी सक्तीविरुद्ध आपली माणसे रस्त्यावर उतरली. गोळ्या झेलल्या. हिंडलग्याच्या स्मारकापाशी दर १ जूनला आपण उभे राहतो. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारने लादू नये, ते आईवडिलांनी ठरवावे. म्हणजे निवडीचा हक्क मिळाला. त्या हक्काचे आपण काय केले? पोरांना इंग्रजी शाळेत घातले! सरकारी मराठी शाळेतला पट घसरला की आपण सरकारच्या नावाने बोटे मोडतो. सरकारचा दोष आहेच. शिक्षक वेळेवर मिळत नाहीत, खोल्या गळतात. पण त्या शाळेत नाव घालणाऱ्यांत आपण होतो का? आमच्यापैकी कितीतरी जणांची नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत. हे लपवून काय उपयोग? कट्ट्यावरच्या पोरांना ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपल्या भाषणाला ती टाळ्या वाजवतात पण मनावर घेत नाहीत.

शेवटचा विषय मताचा. २०१३ साली आपले दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. याला राष्ट्रीय पक्षांचा पैसा कारण, फाटाफूट कारण, हे सगळे आपण बैठकीत बोललो. कट्ट्यावर मात्र वेगळे ऐकू येते. 'तुम्ही वर्षातून दोनदा दिसता. १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करायला आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला. मधले दिवस कुठं असता?' याला आमच्याजवळ धड उत्तर नव्हते.

कुणी म्हणेल, असल्या बोलण्याने चळवळ ढिली पडते. लोकांना पोटापाण्याचे पडले आहे, सीमाप्रश्न विसरला, असा याचा अर्थ विरोधक काढतील. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या बाईने दोन हजारांचा हिशेब मांडला, तिनेच पुढे सांगितले की घरपट्टीची नोटीस वाचायला तिला शेजारच्या पोराकडे जावे लागते. सीमाप्रश्न तिला बैठकीत नाही, त्या नोटिशीत भेटतो. प्रश्न मेलेला नाही. आपण तो ज्या भाषेत मांडतो, ती भाषा तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढेच.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन दशके उलटली. निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि तो दावा लढलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण निकालाची वाट पाहत दोन पिढ्यांनी नुसते बसायचे का? घटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. जिथे अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व राज्य पुनर्रचनेच्या वेळचेच आहे. २०२४ च्या कायद्याने पाट्यांवर ६० टक्के जागा कानडीला दिली. तरी उरलेल्या जागेत मराठी लिहायला मनाई नाही. ती तरी आपल्या किती दुकानांवर आहे, हे बाजारात फिरून पाहावे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या आणि गल्लीच्या शाखेने महिन्यातून एकदा बैठकीआधी कट्ट्यावर जावे, लोक काय म्हणतात ते वहीत टिपावे, आणि बैठकीची सुरुवात ती वही वाचून करावी. उसाचे बिल, बंद पडलेली बस, आरोग्य योजनेचा अर्ज, मराठीतून मागितलेली नोटीस, यांतले एक काम दर महिन्याला तडीस न्यावे. आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या गावच्या मराठी शाळेचा पट स्वतः जाऊन पाहावा. घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर पुढचे काय करायचे, ते सांगायची गरज नाही.

आपल्या वाडवडिलांनी १९५६ पासून हा लढा उभा ठेवला तो केवळ सभांच्या बळावर नव्हे. अडल्यानडल्याला समितीचा माणूस दारात येतो, हा विश्वास त्यामागे होता. तो विश्वास कट्ट्यावर कमावला जातो आणि कट्ट्यावरच गमावला जातो. पुढची बैठक कधी आहे ते प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याआधी एक चहा बाहेर घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.