‘स्टॉपिंग पॉवर’ हे विज्ञान नव्हे

स्वसंरक्षणासाठी परवान्याने घेतलेल्या पिस्तुलात कोणती गोळी असावी, हा प्रश्न आपल्या देशात फार थोड्यांना पडतो. त्याचे उत्तर मात्र सगळ्यांच्या जिवाशी निगडित आहे, कारण सुटलेली गोळी भिंतीपलीकडच्या माणसाची चौकशी करत नाही. आणि हे उत्तर आज एकाच शब्दावर उभे आहे : ‘स्टॉपिंग पॉवर’. ‘.३२ मध्ये दम नाही’, ‘.४५ माणसाला उडवून मागे फेकते’, ‘पोकळ टोकाची गोळी म्हणजे एका फटक्यात काम’ अशी विधाने चित्रफितींतून आणि लेखांतून आत्मविश्वासाने केली जातात. या शक्तीचे एकक काय, असे कोणी विचारत नाही. तिला एकक नाहीच. जी राशी मोजता येत नाही, तिच्यावर जीवन-मरणाचा निर्णय सोपवणे म्हणजे विज्ञानाचा वेष घेतलेली जाहिरात होय.

आधी मागे फेकण्याची कथा तपासू. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते. तिचा सगळा संवेग ७० किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला ४ सेंटिमीटर. .४५ ची गोळी घेतली तर तो साडेपाचच्या आसपास जातो. एवढ्याने माणूस उडत नाही, फार तर अडखळतो. गोळी समोरच्याला उडवणार असेल, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे झाडणाऱ्यालाही उडवील. चित्रपटातला खलनायक काच फोडून मागे कोसळतो, ते दोरीने ओढल्यामुळे.

या कल्पनेचा जन्म कोठे झाला, हे भारतीयांनी तरी विसरू नये. १८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती, की .३०३ ची नवी गोळी पठाणाच्या शरीरातून आरपार जाते आणि तो थांबत नाही. मग कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी घडवली. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी जॉन आर्डा यांनी बाजू मांडली ती अशी : सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की माघार घेतो, रानटी माणूस मात्र धावून येतच राहतो. हे शरीरशास्त्र नव्हते. हा वंशाभिमान होता. दुसरी बाजूही निर्दोष नव्हती. ट्यूबिंगेनचे शल्यविशारद पाउल फॉन ब्रुन्स यांच्या ज्या प्रयोगांनी युरोपात संताप उसळला, ते प्रयोग डमडम गोळीवर झालेच नव्हते. शिकारीच्या, कितीतरी अधिक शिसे उघडे असलेल्या गोळ्यांवर ते झाले होते. गोळी एक आणि निष्कर्ष दुसरीविषयी! त्या गोळीवर बंदी आली हे योग्यच झाले. पण समर्थक आणि विरोधक दोघांनीही मोजमापाला बगल दिली, हेही तितकेच खरे.

पाच वर्षांनी अमेरिकेत तेच झाले. फिलिपिन्समधील मोरो लढवय्ये .३८ च्या गोळ्यांना दाद देत नाहीत, या तक्रारीवरून थॉम्प्सन व लागार्ड या लष्करी अधिकाऱ्यांनी १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांत गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ ची शिफारस केली. मोजकी जनावरे, विस्कळीत निरीक्षणे, आणि त्यातून निघालेला शतकभराचा श्रद्धाविषय.

या श्रद्धेला धक्का बसला तो दोन गोष्टींनी. अमेरिकी सैन्यातील शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांनी १९८० च्या दशकात ४ अंश सेल्सिअसला थंड केलेल्या १० टक्के जिलेटिनची कसोटी बसवली. त्यात सेकंदाला १८० मीटर वेगाने मारलेला पोलादी छर्रा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास रुतला, तरच तो ठोकळा प्रयोगास पात्र. दुसरी घटना ११ एप्रिल १९८६ ची. मायामीत एफबीआयच्या चकमकीत सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हल्लेखोराचा दंड भेदून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. गोळी उमलली होती, पण खोलवर गेली नव्हती. त्यानंतर तो हल्लेखोर लढत राहिला आणि दोन अधिकारी मारले गेले.

त्यातून जो निकष उभा राहिला, त्यात विशेषणे नाहीत. पिस्तुलाची गोळी जिलेटिनमध्ये किमान ३० सेंटिमीटर जावी, कारण वाटेत हात येतो आणि गोळी तिरकी शिरते. ती ४५ च्या फार पुढे जाऊ नये, कारण पलीकडे दुसरा माणूस असतो. पिस्तुलाच्या वेगाला ऊतींत क्षणभर फुगणारी पोकळी फारशी इजा करत नाही. खरे काम गोळीने प्रत्यक्ष फाडलेल्या मार्गाचे. आणि हृदय निकामी झाले तरी मेंदूतल्या प्राणवायूवर माणूस १०-१५ सेकंद हालचाल करू शकतो. ‘एका फटक्यात’ ही हमी कोणतीच गोळी देत नाही. एफबीआयनेही मोठ्या व्यासाच्या मागे धावून पाहिले आणि सुमारे २५ वर्षांनी ती ९ मिलिमीटरकडे परतली.

आता आपल्याकडे पाहू. ९ मिलिमीटर सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर असते. त्याची सुमारे साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास धावते. ऊर्जा दीडशे जूलच्या आत, ९ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आखूड नळीतून वेग आणखी घटतो. एवढ्या वेगाला पोकळ टोक बहुधा उमलतच नाही, आणि उमललेच तर खोली गमावते. साधी, गोल टोकाची शिशाची गोळी मात्र मंद असूनही पुरेशी खोल जाते, कधी गरजेहून अधिकही. म्हणजे ज्या ‘सुधारित’ गोळीसाठी लोक हळहळतात, ती या रिव्हॉल्व्हरला अपायकारक ठरू शकते, आणि जिला ‘दम नाही’ म्हणून हिणवतात, तिचा खरा धोका आरपार जाण्याचा आहे. विशेषणांनी दोन्हीकडून दिशाभूल केली.

‘मग काय कमी शक्तीचीच गोळी चांगली?’ असा प्रश्न येईल. तसे नाही. पोलिसांना उमलणारी गोळी द्यावी, असा युक्तिवाद होऊ शकतो, कारण दाटीच्या रस्त्यावर आरपार न जाणारी गोळी वाटसरूला वाचवते. पण तो आकड्यांनी करावा. कोणत्या नळीतून, कोणत्या वेगाने, कापडाच्या किती थरांमागे, किती सेंटिमीटर?

आपल्याकडे काडतुसे सरकारी मालकीच्या कारखान्यांत बनतात, पुण्याजवळच्या खडकीतही. करदात्याच्या पैशाने चालणाऱ्या कारखान्याने नागरिकाच्या व पोलिसाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक काडतुसाचा वेग, जिलेटिनमधील खोली आणि न फुटण्याचे प्रमाण जाहीर छापावे. औषधाच्या वेष्टनावर मात्रा छापण्याचा आग्रह आपण धरतो. जे वेष्टन प्राण घेऊ शकते, त्याच्यावर निदान तेवढा तरी धरावा. आणि विज्ञानाच्या नावाने लिहिणाऱ्यांनी ‘स्टॉपिंग पॉवर’ हा शब्द वापरण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : याचे एकक काय?