म्हातारा होळीला येईल तेव्हा

परवा धडगावजवळच्या एका पाड्यावर आरोग्य शिबिराला गेले होते. रांगेत बायकाच बायका. साठीची एक बाई आशाताईच्या कानाशी लागली, "म्हातारा रात्रीतून चारदा लघवीला उठतो. कंबरही धरलीय. आता मुलाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलाय." आशाताईनं मान डोलावली. तिच्या फॉर्ममध्ये बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत, पुरुषांसाठी तसे नाहीत.

तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीत तीन कॅन्सर येतात: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. प्रोस्टेटचा नाही. खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नाही. पीएसए ही रक्ताची साधी चाचणी; पण सूज असली किंवा वयामुळे ग्रंथी वाढली, तरी तिचा आकडा चढतो. मग बायोप्सी, घोर, खर्च! अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०१२मध्ये ही चाचणी सरसकट नकोच म्हटलं होतं. २०१८मध्ये त्यांनीच सांगितलं, ५५ ते ६९ वयाच्या पुरुषानं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. तेव्हा पाड्यापाड्यावर सुया टोचत फिरा, असं मी म्हणत नाहीये.

पण निदान बोला तरी! रात्री उठावं लागणं हे अनेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे असतं, औषधानं आराम पडतो. मात्र लघवीतून रक्त गेलं किंवा कंबर, हाडं सतत दुखत राहिली, तर डॉक्टर गाठायलाच हवा. सुरुवातीचा कॅन्सर तर बहुधा काही त्रासच देत नाही. हे त्या म्हाताऱ्याला सांगणार कोण? सुनेच्या वयाची आशाताई? तिलाही अवघड, त्यालाही. आपल्या शहरातल्या घरांत तरी कुठे वेगळं आहे म्हणा!

शिवाय पुरुष गावात असतात कधी? दिवाळीनंतर कितीतरी जण मजुरीला बाहेर पडतात. होळीला मात्र परततात. भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी. केवढी गर्दी लोटते! त्या गर्दीत एक टेबल टाका, पावरी-भिली बोलणारा पुरुष आरोग्यसेवक बसवा. तंबाखूनं खराब झालेलं तोंडही तिथेच बघून होईल. पुढच्या तपासणीसाठी नंदुरबारला २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथवर जायचं भाडं कोण देणार, हेही त्याच टेबलावर ठरवा.

शिबिर आटोपताना ती बाई परत आली. "होळीला येईल तो. तेव्हा डॉक्टर असेल ना इथे?"

आशाताईनं वही उघडली. पुढच्या शिबिराची तारीख होळीनंतर पंधरा दिवसांची होती.