सात पिढ्यांची वही

मध्य आशियात किरगीझ लोक राहतात. त्यांच्यात मुलाकडून बापापासून वर सात पुरुषांची नावे पाठ करून घेतात. याला ते 'जेती अता' म्हणजे सात बाप म्हणतात. सात पिढ्यांच्या आत सोयरीक करायची नाही, हा त्यामागचा व्यवहार. ज्याला सात बाप सांगता येत नाहीत तो गुलाम, अशी त्यांच्यात म्हण आहे.

बंधुभगिनींनो, ही म्हण आपल्याला बोचते. जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांत पणजोबाच्या वर नाव सांगणारा विरळाच. पण दोष आपला नाही. ज्यांना अक्षरच बंद होते, त्यांची वही कोण ठेवणार?

तरी सगळीच नावे बुडालेली नाहीत. जात पडताळणीसाठी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते, 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. त्यासाठी आम्ही लोकांबरोबर तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल काढायला जातो. तिथे आपले आजे-पणजे भेटतात, पण कसे? धोंड्या, दगड्या, कचऱ्या! अर्जात नोंद आहे तशीच लिहावी. घरच्या वहीत मात्र धोंडाजी, दगडूजी असे मानाने लिहावे.

कोणी विचारील, बाबासाहेबांनी 1956 साली दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले, मग पूर्वज कशाला? पिंड वेगळा, आठवण वेगळी. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी, वडील रामजी, आई भीमाबाई आणि आईमागे त्यांना सांभाळणारी आत्या मीराबाई ही नावे आपण घेतोच ना?

आणि बायांचे काय? अहिराणीत मुलगा अंडोर, मुलगी अंडेर. शब्द जोडीचे, पण वंशावळीत उतरतो तो अंडोरच. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासनाने बापाच्या आधी आईचे नाव लिहायला लावले. मागच्या पिढ्यांच्या आया आपणच लिहायच्या आहेत.

घरात आजी हयात असेल तर उशीर करू नका. तिचे माहेर, तिच्या आईचे नाव, सासूचे नाव, आत्या-मावश्या कोणत्या गावी दिल्या, सगळे विचारा. शंभर पानी वही पुरे. नातवाने लिहावे, आजीने सांगावे. ती गेल्यावर हा पुरावा कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

जयभीम!