झडप फुकट, जीव उधारीवर



फोटो आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. खाटेवर बाई, शेजारी डॉक्टर, मध्ये गुच्छ धरलेला पुढारी आणि खाली ओळ : ‘हृदयाची शस्त्रक्रिया मोफत’. दोन वर्षांनी त्या बाईचे काय झाले, हे छापणारे वर्तमानपत्र अजून निघायचे आहे.

आमच्या भागातल्या अशाच एका बाईची हकीकत. कापूस वेचताना ओटी अर्धी भरायच्या आत तिला धाप लागे. गाव म्हणाले, अंगात रक्त नाही. निदान झाले तोवर हृदयाची डावी झडप आकसली होती. सरकारी खर्चाने ऑपरेशन झाले, धातूची झडप बसली आणि बाई पुन्हा वेचणीला लागली. गोळी रोज, रक्ताची तपासणी महिन्याला. तपासणी जिल्ह्याच्या गावी. एस.टी.चे भाडे, तपासणीचे पैसे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. पेरणीच्या धांदलीत तपासणी राहिली. मग गोळ्या संपल्या, तालुक्यात मिळाल्या नाहीत. झडपेवर रक्ताची गाठ धरली आणि बाई गेली.

लोक म्हणाले, ऑपरेशन फसले. साहेब म्हणाले, पेशंट अडाणी. दोन्ही खोटे.

धातूच्या झडपेवर रक्त गोठू पाहते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरीनसारखी गोळी जन्मभर लागते. तिचा अंदाज आय.एन.आर. नावाच्या तपासणीने कळतो. डाव्या झडपेच्या माणसाचा हा आकडा साधारण अडीच ते साडेतीन हवा. खाली घसरला तर गाठ किंवा लकवा, वर चढला तर रक्तस्राव. अंगदुखीची गोळी घेतली, एकदम पालेभाजी वाढवली, तरी घोटाळा होऊ शकतो. जी गोष्ट महिन्याच्या महिन्याला मोजल्याशिवाय चालत नाही, ती मोजायची सोय साठ मैलांवर ठेवायची आणि दोष बाईला द्यायचा, हा कुठला न्याय?

आणि ही गोळी आली कुठून? शेतकऱ्याच्याच गोठ्यातून. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात बुरशी लागलेले क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्त वाहून मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, ते गवत आणि गोठत नसलेले रक्त गाडीत घालून बर्फाच्या वादळात मॅडिसनच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या चमूने त्या गवतातले द्रव्य शोधले. त्यातूनच पुढे वॉरफेरीन आले. १९४८ साली ते उंदरांच्या औषधासाठी निघाले, १९५४ पासून माणसांना मिळू लागले. शेतकऱ्याच्या मेल्या जनावरातून निघालेली गोळी आज शेतकऱ्याच्या तालुक्यात मिळत नाही!

देशाला जमत नाही, असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने स्वस्त देशी झडप घडवली. तीन नमुने फसले, चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. झडप करता येते, बसवता येते. अडते ते बसवल्यानंतर.

खरे तर बऱ्याच जणांवर ऑपरेशनची पाळीच येऊ नये. पाच ते पंधरा वर्षांच्या पोराचा घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, एक उतरला की दुसरा धरतो. हा सांधेताप. पुन्हा पुन्हा आला की तो झडप खातो. दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे, हाच त्याला बांध. आजार जोरात असेल तर झडप बदलल्यावरही ते चालू ठेवावे लागते. फुटकळ किमतीचे औषध! पण इंजेक्शन टोचतानाचा फोटो कोण छापणार?

म्हणून जिल्हा मेळाव्यात या मागण्या ठासून मांडायच्या :

१. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी आय.एन.आर. तपासणी. बोटाच्या थेंबावर चालणारी छोटी यंत्रे निघाली आहेत.

२. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि बेंझाथीन पेनिसिलीन प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवसही संपता कामा नये.

३. कोणती झडप बसवायची, हे ठरवण्याआधी घरच्यांशी बोलावे. प्राण्याच्या ऊतीची झडप तरुणपणी लवकर झिजते, पण सहसा जन्मभर गोळी मागत नाही. धातूची टिकते, पण तिची गोळी गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकते. काही झडपा फुग्यानेही उघडतात. तरण्या बाईला हे आधी कळले पाहिजे.

४. ऑपरेशन यशस्वी झाले की नाही, हे घरी सोडले त्या दिवशी ठरवू नये. पाच वर्षांनी किती जिवंत आणि किती कामावर, ते रुग्णालयवार जाहीर करावे.

पेरणीला पाऊस आणि बोंड धरताना खंड म्हणजे काय, हे कोरडवाहू माणसाला शिकवायला नको. उगवण पाहून कोणी रास मोजत नाही. सरकारने मात्र मोजली आहे. या वेळी हिशेब आपण मागायचा.