आधी बूड, मग रंग

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायची आपली पद्धत आहे, आणि ओल आलेली भिंत त्याच रंगाखाली झाकायचीही. पाहुणे येऊन जाईपर्यंत भिंत टिकली की झालं. घरात हे खपतं. शिडाच्या जुन्या बोटीत खपत नाही, कारण तिथे ओल आतून नव्हे, समुद्राकडून येते.

हे लिहायचं निमित्त असं, की माझ्या भाचीने आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून यंदा एक २७ फुटी बोट घेतली. फायबरग्लासची, १९८०च्या दशकातली. विकणारं जोडपं कायमचं मायदेशी निघालं होतं. इथे असं नेहमी होतं. नोकरी संपते, व्हिसा संपतो, मग सोफा, गाडी, बोट सगळं पंधरा दिवसांत काढायचं. त्यामुळे जुन्या बोटी स्वस्तात मिळतात. पण डोलकाठीच्या तारा, झडपा, इंजिनाचे भाग यांच्या किमती तुम्ही बोट कितीला घेतली हे विचारत नाहीत.

आमच्या पिढीचं म्हणणं ठरलेलं: ‘तेवढ्यात गावच्या घराची कौलं बदलून झाली असती.’ झाली असती, खरंच. पण त्या घरात मे महिन्यातले आठ दिवस कोण राहतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. माझा आक्षेप खरेदीला नाहीच. तो आहे पोरांच्या पहिल्या यादीला, जिच्यात सर्वांत वर लिहिलं होतं: निळा रंग.

रंग शेवटी. आधी बोट पाण्याबाहेर काढून बूड बघायचं. फायबरग्लासच्या थरात वर्षानुवर्षं पाणी मुरलं की बुडाला फोड येतात. ते फोडून, घासून, गोड्या पाण्याने धुऊन बूड वाळू द्यावं लागतं आणि वाळायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. घाईने वरून इपॉक्सी मारली तर पाणी आतच कोंडलं जातं आणि फोड पुन्हा येतात. मग बुडातून आरपार गेलेल्या झडपा. त्या कांशाच्या आहेत की साध्या पितळेच्या, हे बघायलाच हवं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं. झडप दिसायला धडधाकट असते आणि पिळली की हातात येते. ती जर समुद्रात हातात आली तर निळा रंग काय कामाचा? डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या ताराही तशाच. दहा-बारा वर्षं झाली की बाहेरून चकचकीत असल्या तरी बदलाव्यात, असा जाणकारांचा सल्ला असतो. तिघांचे पैसे आधी इथे जावेत.

एवढं झालं, की लांबी भरणं, पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. पाण्याखालच्या भागाला वेगळा रंग लागतो. त्यात बहुधा तांबं असतं, म्हणजे बार्नेकल आणि शेवाळ चिकटत नाही. आखाताच्या कोमट पाण्यात ती पिलावळ फार लवकर वाढते. जुना तांब्याचा रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ विषारी असते. ओला करून, मास्क लावून घासावा. पूर्वी इथले ढाऊवाले लाकडी बुडाला चुना आणि चरबी यांचं मिश्रण फासत. आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल होडीला लावतात. वास नकोसा, पण कीड लाकडाला लागत नाही.

हवेचंही बघावं लागतं. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, हिवाळ्यात पहाटे दव पडतं आणि वारा सुटला की ओल्या रंगावर वाळू बसते. थंडीतली सकाळ, दव वाळल्यावरचे दोन-तीन तास, एवढीच काय ती सोयीची वेळ. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला या देशात बंदी आहे. ती मजुरांसाठी असली तरी आपल्या पोरांनीही पाळावी.

आता मुख्य मतभेद. घरचे म्हणतात, ‘यार्डात दे, चार माणसं लाव, होऊन जाईल.’ या देशात आपल्याला ही सवय लागली आहे. नळ गळला फोन, दिवा गेला फोन. इथे वाढलेल्या मुलांना स्क्रू ड्रायव्हर धरायची वेळच येत नाही. झडपा आणि तारा जाणकाराकडूनच तपासून घ्याव्यात, याबद्दल वाद नाही. पण घासणं आणि रंगवणं त्यांनीच करावं. ज्याने बुडाचा इंच न् इंच हाताने चाचपला आहे, त्याला समुद्रात आवाज आला की तो कुठून आला हे कळतं.

दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली आणि बांधणीत दोंदे स्वतः होते. त्यांचे मार्गदर्शक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ तर मुंबईत बांधलेली, सागवानी. तीतून ते १९६८-६९ मध्ये एकटे, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले, ३१२ दिवसांत. नाव मात्र आखातातलं. दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याचं. ते ज्या ब्रिटिश इंडिया कंपनीत होते, तिच्याच ‘द्वारका’ बोटीने आपल्यातले काही ज्येष्ठ मुंबईहून इकडे आले. पुढे ‘सुहैली’ जुनी झाली, तेव्हा सत्तरी उलटलेले नॉक्स-जॉन्स्टन स्वतः हत्यारं घेऊन तिच्या दुरुस्तीला बसले.

आपल्या मंडळात जहाजांवर इंजिनिअर राहिलेले लोक आहेत, आयुष्यभर रंगाच्या धंद्यात असलेले आहेत. गणपतीच्या मखराला ते रात्ररात्र जागतात. त्यांनी एखाद्या शनिवारी सकाळी सातला या पोरांकडे यावं, बूड बघावं आणि काय चुकतंय ते सांगावं. चहा मी आणीन. साडेबाराच्या आत सगळे घरी.