आकाश दिल्लीचे, औषध गावचे



उसावर फवारणीला ड्रोन आले, तशी पारावर एक भाषा सुरू झाली आहे : "ग्रामपंचायतीनेच ड्रोनचा कायदा करावा." आम्हांला ते अर्धेच पटते.

विमान-वाहतूक हा घटनेने केंद्राकडे दिलेला विषय. यंत्राची नोंदणी, चालकाचा दाखला, विमानतळाभोवतीची बंधने २०२१ च्या ड्रोन नियमांत आहेत. त्या नियमांत राज्याच्या हाती फार तर तात्पुरती बंदी, तीही एका वेळी ९६ तासांची. हे बरेच आहे. एका सकाळी तीन शिवारे फिरणाऱ्या यंत्राने तीन गावचे तीन कायदे कसे पाळावेत?

पण औषध पडते ते गावात. नागपूरकडे उसाच्या बांधाला कपाशी असते. उसातले टू-फोर-डी वाऱ्याने तिच्यावर गेले की पाने आखडून निमुळती होतात, बोंड धरत नाही. ते दिल्लीला कसे दिसावे? शेजारी तर कधी आपला सख्खा भाऊच असतो!

म्हणून वारा किती असताना थांबायचे, आदल्या दिवशी दवंडी कोणी द्यायची, हे ग्रामसभेला ठरवू द्यावे. नुकसानीचा पंचनामाही तिथेच व्हावा. भरपाई मात्र ऊसवाल्याने, म्हणजे आपणच भरायची. सभासदांना हे कडू लागेल, ठाऊक आहे.